रक्ताचा दाखला

पुण्याहून नगरकडे जाताना भीमेच्या पुलाअलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत, जयस्तंभ उभा आहे. लढाई झाली ती नदीपलीकडच्या कोरेगावात, १ जानेवारी १८१८ रोजी. ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची सुमारे आठशेंची तुकडी शिरूरहून रात्रभर चालून आली होती आणि दिवसभर पेशव्यांच्या फौजेशी झुंजली. २६ मार्च १८२१ला स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर मृत शिपायांची ४९ नावे आहेत. त्यांतली २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. ते महार शिपाई. बाकीच्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुस्लिम आहेत आणि अभ्यासकांच्या नोंदीनुसार एक-दोन ज्यू, म्हणजे आपल्या कोकणातले बेने इस्राएल, तेही आहेत.

कुलाब्याच्या किनाऱ्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ अठराव्या शतकातच कंपनीच्या पलटणींत शिरले होते. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल दिवेकरांनी १७९६मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. महार आणि बेने इस्राएल, दोन्ही समाजांना लष्कराने पगार दिला, पेन्शन दिली, पलटणीच्या शाळेत अक्षरओळख दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात ‘लढवय्या जाती’ ठरवल्या गेल्या, जातवार पलटणी बांधल्या गेल्या. महारांची भरती थांबली. संख्येने मूठभर असलेल्या बेने इस्राएलांना या रचनेत जागाच उरली नाही. त्यांची पुढची पिढी रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्यांत गेली. महारांना ती वाटही खुली नव्हती.

म्हणून अर्ज सुरू झाले. १८९४मध्ये निवृत्त लष्करी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी अनार्य दोष परिहारक मंडळीच्या वतीने भरतीबंदीविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. १९१०मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे दाद मागितली. या अर्जांमागचा युक्तिवाद साधा होता: आमच्या वाडवडिलांनी तुमच्यासाठी रक्त सांडले, तेव्हा आम्हाला नोकरी आणि माणुसकी द्या. कंपनीने स्वतःच्या गौरवासाठी उभारलेला खांब कांबळ्यांनी अशा रीतीने तिच्याच वारसांपुढे पुरावा म्हणून मांडला. याला मी असामान्य राजकीय बुद्धी म्हणतो.

असा युक्तिवाद करणारे ते एकटे नव्हते. अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल ग्रँटने आपल्या हुकमतीखालील प्रदेशातून सगळ्या ज्यूंना हाकलण्याचा आदेश काढला, तेव्हा १८४३मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ‘बने ब्रिथ’ या ज्यू बंधुसंघाच्या सेंट लुईस शाखेने जानेवारी १८६३मध्ये लिंकनना पत्र लिहून निषेध केला. संघराज्यासाठी ज्यूंनी प्राण वेचले आहेत, हेच त्यांचेही म्हणणे होते.

पहिल्या महायुद्धाने इकडे दार किलकिले केले. माणसे कमी पडू लागताच १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. त्याच वर्षी भारतमंत्री माँटेग्यू, जे स्वतः ज्यू होते, राजकीय सुधारणांची चाचपणी करायला हिंदुस्थानात आले आणि प्रत्येक समाजाने आपली मागणी पुढे केली. नोव्हेंबरमध्ये मुंबईत अस्पृश्य वर्गाच्या दोन वेगवेगळ्या सभा झाल्या, एक नारायण चंदावरकरांच्या अध्यक्षतेखाली, दुसरी बापूजी नामदेव बागडे यांच्या. राजनिष्ठेचे ठराव झाले, पण त्यांच्यासोबत हक्कांचे ठरावही आले. डिसेंबरमध्ये बेने इस्राएल परिषद भरली. लगोलग बॅरिस्टर डेव्हिड एरुळकर आदींनी ऑल इंडिया इस्राएलाइट लीग काढली. एकाच समाजात दोन संघटना झाल्या, कारण लहान समाजाने राजकारणात किती उतरावे, हा प्रश्न त्यांना खरोखरच छळत होता.

युद्ध संपले आणि १९२१मध्ये १११वी महार पलटण मोडली गेली. या एका घटनेत सगळ्या अर्जविनंत्यांची दुबळी बाजू उघडी पडते. राज्यकर्त्याच्या कृतज्ञतेवर उभी असलेली मागणी त्याची गरज असेतोवरच टिकते. १ जानेवारी १९२७ला डॉ. आंबेडकर जयस्तंभापाशी आले, तेव्हा त्यांनी हेच बोलून दाखवले: ज्यांनी तुमच्यासाठी लढाया केल्या, त्यांनाच तुम्ही बिनलढवय्ये ठरवलेत, ही कृतघ्नता आहे.

दुसऱ्या महायुद्धात ज्यूंसमोर आणि महारांसमोर निराळ्या निकडी होत्या. हिटलरपासून पळालेले जर्मन ज्यू मुंबईत आश्रयाला आले होते आणि सप्टेंबर १९३९मध्ये त्यांच्यापैकी अनेकांना ‘शत्रुदेशाचे नागरिक’ म्हणून अहमदनगरच्या छावणीत डांबले गेले. ज्यांच्या भीतीने देश सोडला, त्या नाझींच्या शेजारीच त्यांना ठेवले होते. १९३४मध्ये स्थापन झालेली मुंबईची ज्यूइश रिलीफ असोसिएशन या निर्वासितांची हमी घेत होती आणि त्यांच्यासाठी सरकारदरबारी खेटे घालत होती.

आंबेडकरांनी मात्र अर्जाची रीत मागे टाकली. जुलै १९४१मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत बसले आणि महारांची स्वतंत्र पलटण मागितली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. पुढच्या वर्षी कामठीत दुसरी झाली. टोपीवरच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर त्या जागी खंजीर आला. १९२१सारखी ही पलटण मोडली गेली नाही. तिचे केंद्र आज मध्य प्रदेशातल्या सागरला आहे.