अकोल्यात उणे चाळीस

मे महिन्यातली दुपार, दोनचा सुमार. मूर्तिजापूर मागे टाकून बोरगाव मंजूच्या अलीकडे एका लिंबाच्या सावलीत गाडी उभी. ऊन पंचेचाळीसला टेकलेलं, एसी आपोआप बंद पडलेला. रेडिएटरचा फॅन मात्र अंगात आल्यासारखा घोंघावतोय आणि समोर इंजिनचा पिवळा दिवा लागलाय. स्टिअरिंगखाली गुडघ्यापाशी असतं त्या सॉकेटमध्ये छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला आणि मोबाइलवर इंजिनचं तापमान पाहिलं. उणे ४० अंश सेल्सियस.

"काय रे बापा," मागच्या सीटवरून मामा म्हणाले, "हिमालयात लावली काय गाडी तुनं?"

ज्या अकोला जिल्ह्यात मे २०२४ मध्ये उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं, तिथे हा आकडा! पण उणे चाळीसच का? उणे तीस किंवा उणे सत्तावन्न का नाही? गाडीचा कॉम्प्युटर स्कॅनरला तापमान सांगतो ते ० ते २५५ यांपैकी एका संख्येनं. थंड प्रदेशातलं शून्याखालचं तापमानही त्यात बसावं म्हणून त्या संख्येतून ४० वजा करायचे, असा नियम ठरलेला आहे. १३० आलं तर ९० अंश. शून्य आलं तर उणे ४०. म्हणजे मोबाइलवर दिसत होती ती मोजपट्टीची तळाची रेघ. सेन्सरकडून कॉम्प्युटरला काही कळतच नव्हतं.

कॉम्प्युटरला स्वतःला चटका कधी बसत नाही. उष्णतेबद्दल त्याला जे काही समजतं ते कूलंटमध्ये बुडालेल्या एका पितळी नळीच्या टोकातून, आणि त्या टोकात असतो जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा एक मणी. तांब्याची तार तापली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. हा मणी नेमका उलटा वागतो: तापेल तसा विजेला वाट मोकळी करतो. अकोल्यातली माणसं ऊन चढलं की कूलरसमोर घरात बसतात. या मण्यातले इलेक्ट्रॉन ऊन चढलं की घराबाहेर पडतात. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन आधीच भरपूर असतात, तापल्यावर अणूंची थरथर वाढून त्यांना फक्त धक्के बसतात. मण्यात ते आपापल्या जागी अडकलेले असतात, आणि उष्णता मिळाली की एका अणूवरून दुसऱ्यावर उड्या मारू लागतात.

हा उलटा स्वभाव मायकेल फॅरडेनं १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला. दिव्यावर तापवलं की त्यातून वीज सहज जाई, निवलं की पुन्हा अडे. मोटारगाडी तेव्हा जन्मायची होती. आजचे मणी बहुधा मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचे असतात. मँगनीज म्हटलं की विदर्भाच्या माणसाचे कान टवकारतात, कारण त्याच्या खाणी आपल्याच नागपूर-भंडाऱ्याकडे आहेत. आपल्या मण्यातलं मँगनीज तिथलंच असेल असं नाही, पण नात्यातलं तर आहे.

अनेक गाड्यांतल्या सेन्सरचा विरोध २० अंशांना साधारण २५०० ओहम असतो. ८० अंशांना तो तीनशेच्या आसपास येतो आणि १०० अंशांना दोनशेच्याही खाली. कॉम्प्युटर ५ व्होल्ट पाठवतो आणि मण्यापाशी त्यातले किती उरले ते बघतो. पुष्कळ उरले तर इंजिन थंड, थोडे उरले तर गरम. तार तुटली की सगळेच्या सगळे ५ व्होल्ट उरतात, म्हणजे कल्पनेपलीकडची थंडी. त्यावर तो आंधळा विश्वास मात्र ठेवत नाही. बऱ्याच गाड्यांत तो सेन्सरची साक्ष बाजूला सारतो, इंजिन तापलं असेल असं धरून फॅन चालू ठेवतो, एसीचा भार काढून घेतो आणि पी०११८ हा कोड नोंदवून ठेवतो. आमचा फॅन वेडा झालेला नव्हता, त्याला सावध राहायला सांगितलेलं होतं.

तरीही लगेच नवा सेन्सर आणायला पळू नये. आधी उलटतपासणी घ्यावी, आणि ती घरच्या अंगणात होते. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी इंजिन, आत येणारी हवा आणि भिंतीवरचं थर्मामीटर या तिघांनी जवळपास एकच आकडा सांगायला हवा. मग इंजिन बंदच ठेवून फक्त चावी ऑन करायची आणि सेन्सरचा कपलर काढायचा. आकडा उणे ४० ला गेला पाहिजे. सेन्सर दोन तारांचा असेल तर कपलरच्या त्या दोन टोकांना तारेच्या तुकड्यानं जोडायचं. आता आकडा थेट १३० च्या पुढे उसळला, तर वायरिंग आणि कॉम्प्युटर दोघेही निर्दोष, संशय सेन्सरवर.

त्याला बाहेर काढून मल्टीमीटर लावायचा आणि टोक आधी माठातल्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात बुडवायचं. उकळतं पाणी हे फुकटचं प्रमाणित थर्मामीटर आहे. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत असल्यानं इथे पाणी ९९ अंशांना उकळतं. चिखलदऱ्याला, अकराशे मीटरवर, ९६ च्या आसपास.

खरा लबाड साक्षीदार मात्र वेगळा असतो. समजा, कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढला आणि त्यानं १०० ओहमची भर घातली. सकाळी २५०० चे २६०० झाले, चूक जेमतेम एका अंशाची. कुणाच्या ध्यानात येणार? पण इंजिन १०० अंशांना पोचलं की १८५ चे २८५ होतात, आणि कॉम्प्युटर समजतो की आत्ता कुठे ८४ झालेत. तोच गंज सकाळी खरं बोलतो आणि नेमकं दुपारी खोटं. फॅन उशिरा लागतो, गाडी हीट मारते आणि काटा मात्र शांत. घरच्या तपासणीत मला सगळ्यात थरारक वाटलेली गोष्ट हीच.

सेन्सरला फसवणारी आणखी एक गोष्ट आपल्याकडे आयती मिळते, ती म्हणजे खारं पाणी. अकोला, अमरावती, बुलढाण्यातून पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा पिकांना छळतो तसा रेडिएटरलाही. वाटेत कूलंट कमी दिसलं की कुणाच्या तरी बोअरचं पाणी ओतायचं, ही आपली जुनी सवय. त्यातले क्षार सेन्सरच्या टोकावर पापुद्र्यासारखे बसतात आणि मणी गोधडीतून ताप मोजू लागतो. ओतायचंच तर गाडीला चालणारं कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटर. आणि झाकण गरम इंजिनवर मुळीच उघडू नये: आतल्या दाबामुळे १०० च्या वरही न उकळलेलं पाणी झाकण सैल होताक्षणी उकळून अंगावर येतं.

आमचा सेन्सर निर्दोष निघाला. कपलरमागची एक तार इन्सुलेशनच्या आत तुटली होती. बाहेरून अगदी धडधाकट, ओढल्यावर रबरासारखी लांबायची. कापून, नीट जोडून सोल्डर केली, वर हीट-श्रिंक नळी चढवली आणि कोड पुसला. सेन्सर तपासायला काढताना थोडं कूलंट सांडलं होतं, ते भरून अडकलेली हवाही काढली. टोक पाण्याऐवजी बुडबुड्यात राहिलं तर पुन्हा भलतंच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला चावी ऑन केली. इंजिन ३१, आतली हवा ३१, भिंतीवरचं थर्मामीटर ३०. मामा चहाचा कप घेऊन खिडकीशी आले, मोबाइलमध्ये डोकावले आणि म्हणाले, "हां. आता अकोल्यात आली."