संगणकाचा रखवालदार : फुकटचा की विकतचा?

मागच्या वर्षी आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीच्या सभेत एक लहानसा विषय निघाला आणि त्याने पाऊण तास घेतला. कार्यालयातील संगणकासाठी अँटीव्हायरस विकत घ्यावा की फुकटातला चालवावा, हा तो विषय. खजिनदारांचे म्हणणे असे की, वर्गणीचा पैसा हा लोकांच्या घामाचा पैसा आहे; जी वस्तू फुकट मिळते तिच्यासाठी पावती कशाला फाडायची? चिटणीसांचे म्हणणे असे की, फुकटचे ते फुकटच. उद्या काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? दोघांचेही बोलणे खरे होते आणि दोघांचेही अर्धे होते. त्या सभेत जे नीट सांगता आले नाही, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने समाजबांधवांपुढे ठेवीत आहे. कारण हा प्रश्न आता एका कार्यालयाचा राहिलेला नाही, घरोघरचा झाला आहे.

विषय निघण्याला कारणही तसेच घडले होते. वर्षावासाच्या दिवसांत विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. त्याच सुमारास महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींची शिष्यवृत्तीच्या अर्जांची धावपळ असते. विहाराच्या मागच्या खोलीतील संगणकावर आपली तरुण मंडळी हे अर्ज विनामूल्य भरून देतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, गुणपत्रिका असे सारे कागद स्कॅन करून तेथे ठेवलेले असतात. एके दिवशी पेनड्राइव्ह छपाईसाठी झेरॉक्सच्या दुकानात नेला. परत आणून लावला, तर प्रत्येक फोल्डरच्या जागी बाणाची खूण असलेला शॉर्टकट! "दादा, सगळ्या पोरांचे कागद गेले हो," म्हणत काम करणारी मुलगी रडकुंडीला आली. अर्जाच्या मुदतीला तीन दिवस उरले होते.

सुदैवाने कागद गेले नव्हते. या जातीचा विषाणू फायली पुसत नाही. तो त्या लपवितो आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट पुढे मांडतो. आपण फोल्डर समजून ते उघडले की विषाणू चालू होतो आणि संगणकात शिरतो. रात्री बसून लपलेल्या फायली पुन्हा दिसत्या केल्या आणि संगणक साफ केला. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या संगणकावर विकतचाच अँटीव्हायरस होता! संगणक घेताना दुकानदाराने तो बिलात लावून दिला होता. त्याची मुदत संपून चौदा महिने झाले होते. रोज पडद्याच्या कोपऱ्यात लाल खिडकी येत होती आणि रोज कोणीतरी फुलीवर क्लिक करून ती बंद करीत होते. त्यात प्रस्तुत लेखकही आला. म्हणजे पैसे देऊन ठेवलेला रखवालदार दाराशी झोपला होता, आणि तो तेथे आहे म्हणून विंडोजचा स्वतःचा रखवालदार बाजूला बसला होता.

हे नीट समजण्यासाठी अँटीव्हायरस करतो काय, ते पाहू. पूर्वी हे काम पोलीस ठाण्यात लावलेल्या गुन्हेगारांच्या फोटोंसारखे होते. प्रत्येक ज्ञात विषाणूची खूण यादीत नोंदलेली असे. फाईल उघडताना ती यादीशी ताडून पाहायची. आयबीएमच्या धर्तीच्या वैयक्तिक संगणकांवरील पहिला विषाणू म्हणून ज्याचे नाव घेतात तो 'ब्रेन' १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिला. तो फ्लॉपीवरून पसरे. त्या काळी विषाणू थोडे आणि सावकाश फिरणारे असल्याने यादी महिन्या-दोन महिन्यांनी नवी केली तरी भागत असे. आज रोज लाखो नवे नमुने निघतात. म्हणून यादी दिवसातून अनेकदा बदलते, आणि तिच्या जोडीला फाईलची वागणूकही पाहावी लागते. एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फायली बदलू लागला, तर त्याचे नाव यादीत नसले तरी त्याला थांबवायचे. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. मुदत संपलेला अँटीव्हायरस हा जुन्या फोटोंचा फलक होय. तो महाग होता की स्वस्त, हा प्रश्न तेथे उरत नाही.

आता फुकटाकडे वळू. फुकट या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या वस्तू घालतो आणि घोटाळा तेथेच होतो.

पहिली वस्तू विंडोजबरोबर येणारे संरक्षण. मायक्रोसॉफ्टने २००९ साली 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' नावाचा विनामूल्य अँटीव्हायरस दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' या नावाने अँटीव्हायरस प्रणालीतच घातला. सुरुवातीला त्याची थट्टा होत असे, आणि तीत तथ्यही होते. आज ती थट्टा शिळी झाली आहे. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था फुकट आणि विकत अशी सर्व उत्पादने एकाच चाचणीला बसवितात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातील सुलभता यांना प्रत्येकी सहा, असे अठरा गुण ठेवते. डिफेंडरने अलीकडच्या वर्षांत तेथे अनेकदा पैकीच्या पैकी गुण मिळविले आहेत, नामांकित विकतच्या उत्पादनांच्या बरोबरीने. तथागतांनी कालामांना सांगितले ते येथे आठवते : कोणी सांगितले म्हणून, कोणाचे नाव मोठे म्हणून मानू नका, पडताळून पाहा. दुकानदाराचे "साहेब, हाच चांगला" हे प्रमाण नव्हे. चाचण्यांचे निकाल कोणालाही पाहता येतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

दुसरी वस्तू म्हणजे इतर कंपन्यांच्या फुकट आवृत्त्या. कंपनीलाही पगार द्यावे लागतात. मग ती फुकट का देते? पुष्कळदा विकतची आवृत्ती घ्या म्हणून सारखी आठवण करून देण्यासाठी, एवढेच. पण कधी किंमत दुसऱ्याच खिशातून जाते. अवास्ट हा जगभर वापरला जाणारा फुकट अँटीव्हायरस. तो वापरणाऱ्यांनी कोणकोणती संकेतस्थळे पाहिली याची माहिती 'जम्पशॉट' या उपकंपनीमार्फत विकली जात होती, हे जानेवारी २०२० मध्ये उघडकीस आले. उपकंपनी बंद झाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि अशी माहिती जाहिरातींसाठी विकण्यास मनाई केली. शंभरांहून अधिक कंपन्यांना ही माहिती गेली होती, असे आयोगाचे म्हणणे. ज्याला राखणीला ठेवले, तोच घरात कोण येते-जाते याची वही विकत होता!

शिवाय यांतील बहुतेक फुकट आवृत्त्या केवळ घरगुती वापरासाठी असतात. 'मला मान्य आहे' या बटणावर क्लिक करताना ती अट आपण वाचत नाही. संस्थेचे कार्यालय, वसतिगृह, अभ्यासिका, पतसंस्था हे घर नव्हे. खजिनदारांच्या मुद्द्याला खरे उत्तर हे आहे : असली फुकट आवृत्ती संस्थेला चालत नाही; विंडोजमधील डिफेंडर मात्र चालतो.

तिसरी वस्तू सर्वांत घातक आणि दुर्दैवाने आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय. 'क्रॅक' केलेला, म्हणजे कुलूप तोडलेला विकतचा अँटीव्हायरस. ओळखीचा मुलगा येतो, पेनड्राइव्हवरून टाकून देतो, चहा पिऊन जातो. हे क्रॅक चालविण्यासाठी असलेला अँटीव्हायरस आधी बंद करावा लागतो, यातच सारे आले. चोराने दिलेले कुलूप दाराला लावू नये, त्याची दुसरी किल्ली कोणाकडे असते ते आपणास ठाऊक नसते. विंडोजच्या चोरट्या प्रतींचेही तेच.

मग विकतचा घ्यायचा तरी केव्हा? विकतच्यात आपण विषाणू पकडण्याच्या ताकदीपेक्षा सेवेचे पैसे देतो, हे लक्षात ठेवले की निवड सोपी होते. याचे चांगले उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कैलास काटकर यांचे शिक्षण फारसे झाले नव्हते. कॅल्क्युलेटर आणि इतर यंत्रे दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू सापडू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून 'क्विक हील' उभे राहिले. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. या धंद्याचे मूळ दुरुस्तीच्या दुकानात आहे. अडचण आली की फोन उचलून आपल्या भाषेत सांगणारा माणूस मिळणे, ही विकतची खरी वस्तू. ज्या कार्यालयात दहा-बारा संगणक आहेत आणि एकाच ठिकाणाहून सर्वांवर नजर ठेवायची आहे, जेथे मुलांच्या वापरावर वेळेचे बंधन हवे आहे, किंवा जेथे संगणक जाणणारे एकही माणूस नाही, तेथे पैसे जरूर द्यावेत. मात्र पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत पाहून भुलू नये. नूतनीकरणाची किंमत काय ते आधी विचारावे, आणि पैसे कार्डातून आपोआप जाण्याची सोय चालू ठेवली असेल तर ती नोंदवहीत लिहून ठेवावी. मुदतीची तारीख एका व्यक्तीच्या डोक्यात ठेवू नये.

अँटीव्हायरसने भागत नाही अशीही एक बाजू आहे, आणि सभेत तिच्याविषयी कोणीच बोलले नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू जगभर पसरला. फायलींना कुलूप घालायचे आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, हा त्याचा धंदा. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, विनामूल्य दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही, ते प्रामुख्याने सापडले. रखवालदार कितीही जागा असला, तरी मागची भिंत पडलेली असून चालत नाही.

हे आज सांगण्याचे कारण असे की, विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदत देण्यात आली. डिफेंडरची विषाणूंची यादी विंडोज १० वर २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत मिळत राहील, असेही कंपनीने जाहीर केले आहे. पण यादी म्हणजे भिंतीची डागडुजी नव्हे. आपल्याकडे दानात आलेले बरेच संगणक इतके जुने आहेत की विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे चढत नाही. अशा संगणकासाठी महागडा अँटीव्हायरस घेणे म्हणजे पडक्या वाड्याला चांदीची कडी. त्यापेक्षा त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली टाकावी आणि अर्ज, पत्रव्यवहार, वाचन यांसाठी तो वापरावा. मराठी टंकलेखन तिच्यावरही होते.

आणि बॅकअप. खंडणी मागणारा विषाणू एकदा शिरून कुलूप घालून गेला, तर फुकटचा असो वा विकतचा, कोणताही अँटीव्हायरस ते कुलूप सहसा उघडू शकत नाही. उपाय एकच, त्या कागदांची दुसरी प्रत अन्यत्र असणे. ही प्रत ज्या बाह्य हार्ड डिस्कवर असेल ती काम झाल्यावर संगणकापासून काढून कपाटात ठेवली पाहिजे. जोडून ठेवली तर तिलाही कुलूप लागते. डिफेंडरमध्ये ठरावीक फोल्डरांना अनोळखी प्रोग्रॅमपासून राखण्याची सोय आहे, परंतु ती मुळात बंद असते. आपण ती चालू करावी लागते.

भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'चीही आपल्याकडे फारशी माहिती नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या संकेतस्थळावर संगणक साफ करणारी साधने भारतीय कंपन्यांच्या सहकार्याने विनामूल्य दिली जातात. ती नेहमीच्या राखणीसाठी नाहीत. घाण झाल्यावर झाडून काढण्यासाठी आहेत.

मोबाइलविषयी थोडेच सांगतो. लग्नाची पत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअॅपवर 'एपीके' फाईल येते. ती उघडून बसविली की बँकेचे संदेश दुसऱ्याच्या हाती जातात. पत्रिका कधीही एपीके नसते. तशी फाईल बसविलीच आणि पैसे गेले, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. तसेच पडद्यावर अचानक "तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले, या क्रमांकावर फोन करा" असे आले, तर ते कोणत्याही अँटीव्हायरसचे काम नव्हे, ती फसवणूक आहे. खिडकी बंद करावी, फोन करू नये.

आपल्या संस्थेत शेवटी असे ठरले : मुदत संपलेला अँटीव्हायरस काढून टाकला, तेव्हा डिफेंडर आपोआप जागा झाला. नूतनीकरणासाठी काढून ठेवलेल्या रकमेत थोडी भर घालून बाह्य हार्ड डिस्क घेतली. तिच्यावर दर पौर्णिमेला, वंदनेच्या आधी, कागदांची प्रत उतरविली जाते आणि डिस्क खजिनदारांच्या कपाटात जाते. झेरॉक्सच्या दुकानात नेण्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह आहे. त्यात त्या दिवशी लागतील तेवढेच कागद असतात आणि परत आल्यावर तो आधी तपासला जातो. शिष्यवृत्ती मंजूर झालेल्या मुलांचे आधार आणि पासबुकाचे स्कॅन संगणकावर ठेवायचे की पुसायचे, यावर मात्र कार्यकारिणीत अजून एकमत झालेले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मागावे लागतील म्हणून ठेवा, असे अर्ज भरणाऱ्या मुलांचे म्हणणे आहे. लेखकाचे मत पुसावेत असे आहे.