सरपंचांच्या कानाला भट्टीचा लेप



कुंभाराच्या भट्टीला आतून लावायचा एक उष्णतारोधक लेप बाजारात मिळतो. झिरकॉन, ॲल्युमिना अशा सहजी न वितळणाऱ्या खनिजांची पिठासारखी भुकटी आणि तिला धरून ठेवणारे चिकट द्रव्य, एवढाच त्याचा मसाला. बंद भट्टीच्या आतल्या विटांना ब्रशने त्याचा पातळ हात देतात. चिनी मातीच्या पक्क्या बरण्यांची भट्टी १२०० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तरी हा लेप जागचा हलत नाही.

अशी वस्तू एखाद्या गावच्या कुंभारवाड्यात पोचली तर काय होईल, याची जरा कल्पना करा. पहिला डबा भट्टीला लागेल आणि दुसऱ्याला गावभर गिऱ्हाईक होईल. सरपंच म्हणतील, ग्रामसभेआधी माझ्या कानांना दोन हात द्या. मे महिन्यात भरदुपारच्या मुहूर्तावर उभा राहिलेला नवरदेव फेट्याला लावून मागेल. उन्हात तापलेल्या एसटीच्या खिडकीकडच्या बाकड्याला तर तो लागलाच पाहिजे. ठेचा खाणारा जिभेला लावेल. कुंभाराचे गाढव बोलत नाही, नाहीतर पाठीसाठी त्याचाही अर्ज आला असता. आमच्यासारख्या विस्तार अधिकाऱ्यांचेही एक काम होईल : बियाणे उगवले नाही म्हणून मंडळी जमली की अंगभर लेप लावून सामोरे जायचे. आणि मोंढ्यात सोयाबीनचा भाव ऐकायला जाताना काळजाला एक हात द्यावा, असे कोण म्हणणार नाही?

पण यातला एकही उपाय चालायचा नाही. का, ते नीट समजून घ्या, कारण पैशांचा प्रश्न तिथेच आहे. उष्णता सोसणे वेगळे आणि उष्णता अडवणे वेगळे. तवा आग सोसतो म्हणून कोणी त्याला हात लावून पाहतो का? लेपाचेही तसेच. तो स्वतः जळत नाही, पण त्याचा कागदासारखा थर उष्णतेला फार वेळ रोखून धरत नाही. लेप लावलेला हात विस्तवात घातला तर लेप शाबूत राहील, हात राहणार नाही. मोटारसायकलच्या सायलेन्सरला लावला तरी पोरांच्या पोटऱ्या भाजायच्या राहत नाहीत.

मग भट्टीत त्याचा उपयोग काय? चारी बाजूंनी भिंती असल्या की लाल झालेला लेप बरीच उष्णता पुन्हा आतल्या भांड्यांकडे फेकतो. विटांनाही आच कमी लागते, त्या टिकतात. म्हणजे लेपाला भिंत लागते. आपल्याकडे गाडगी, मडकी, सुगडी, पणत्या भाजतात त्या उघड्या आव्यावर. गोवऱ्या, काटक्या, पाचोळा यांच्यात भांडी रचायची, वर फुटकी खापरं, राख आणि चिखल. आच साधारण ७०० ते ९०० अंश. इथे भिंतच नाही, तर महागडा डबा लावणार कशाला? मडक्यांना?

खरे तर वरून दिलेले ते राखेचे आणि चिखलाचे लिपण, हाच आपल्या कुंभाराचा जुना लेप. भुसा, राख, पोकळ वीट यांच्यात हवा अडकून बसते आणि ती अडकलेली हवाच उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून ज्याला जळण वाचवायचे आहे, त्याने आधी विटांची गोल बंद भट्टी बांधावी. खाली जळणाचे तोंड, मध्ये जाळी, वर भांडी. भिंतीला बाहेरून भुसा मिसळलेल्या मातीचा जाड थर द्यावा. लेपाचा विचार त्यानंतर, तोही दरवर्षी बऱ्याच भट्ट्या लागत असतील तरच.

कारभारी मंडळींना हे सांगण्याचे कारण आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुंभार आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य, शिवाय पहिल्या टप्प्यात १ लाख आणि दुसऱ्यात २ लाखांपर्यंत कर्ज, ५ टक्के व्याजाने. अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. पडताळणीला जाल तेव्हा चाक आहे का ते पाहताच, तसा आवा आहे की भट्टी, तेही पाहा. उघड्या आव्यावाल्याने लेपासाठी कर्ज काढले, तर हप्ते त्याच्या मानेवर आणि लेपाचा डबा माळ्यावर.

शेतकऱ्यांच्या कामाची एक गोष्ट मात्र यातून निघते. गोठ्याच्या पत्र्याला पांढरा चुना द्या. तिथे ऊन परत फिरवायचे असते आणि पांढरा रंग ते काम करतो. आत जनावर कमी धापा टाकते. होळीच्या सुमारास हात द्यावा, पावसाने धुऊन गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा. पत्र्यावर पाचट टाकले तरी गारवा येतो, पण विडीची एक ठिणगी पुरते, तेव्हा जपून.

आणि कुंभार बंधूंनो, संक्रांतीच्या सुगड्यांचा आवा लावाल तेव्हा गोवऱ्या आणि काटक्या तोलून घ्या. भाजून किती नग अखंड निघाले, किती तडकले, ते वहीत मांडा. नव्या भट्टीचा पहिला घाण निघाला की तेच आकडे शेजारी लिहा. लेप विकायला कोणी आला तर ती वही त्याच्यापुढे ठेवा.