मतदारयादीतील नाव

स्त्रियांच्या राजकीय समतेविषयी बोलताना आपण बहुधा मतपेटीपासून आरंभ करतो. वस्तुतः आरंभ त्याच्या पुष्कळ अलीकडे, घराच्या उंबरठ्यावर होतो.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी (१९५१-५२) मतदारयाद्या तयार होत असता अनेक प्रांतांत स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची पत्नी, एवढीच ओळख त्यांनी दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद ग्राह्य धरली नाही. बिहारला एक महिन्याची वाढीव मुदत मिळाली व तिचा चांगला उपयोग झाला. राजस्थानात मात्र मुदत वाढवूनही फारसे साधले नाही. अखेर सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लक्ष जणींच्या नोंदी गाळाव्या लागल्या. त्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत येथील होत्या. मध्य भारत म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरचाच मुलूख. तेव्हा ही हकीकत आम्हांस परकी मानता येत नाही.

सेन यांचा निर्णय प्रथमदर्शनी कठोर वाटतो. परंतु दोष केवळ त्या स्त्रियांच्या संकोचाला लावणेही न्याय्य नव्हे. १९३५ च्या कायद्याने पुष्कळ स्त्रियांस जे मत मिळाले, तेच मुळी पतीच्या मालमत्तेच्या आधारावर, पत्नी या नात्याने! संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला आणि ही नात्याची अट उडाली. कायद्याने एका रात्रीत जे केले, ते जिभेच्या सवयीस कसे साधावे?

आमच्या मराठी घरांतील पेच थोडा निराळा. पतीचे नाव उखाण्यात घ्यावयाचे, हे सर्वांस ठाऊक आहे. पण लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाते, तेव्हा वधूचे स्वतःचे नाव कोठे जाते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ते माहेरच्या मतदारयादीत तसेच राहते. सासरच्या यादीत नवे नाव चढलेले नसते. मतदानाच्या दिवशी घरातील सर्वांच्या चिठ्ठ्या येतात, सुनेची तेवढी येत नाही, आणि 'पुढच्या वेळी पाहू' असे म्हणून विषय संपतो. पुढची वेळ पाच वर्षांनी येते.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी प्रथमच पुरुषांहून किंचित पुढे गेली. समाधानाचीच गोष्ट; मात्र ही टक्केवारी यादीत असलेल्यांचीच असते, नसलेलींची गणती तीत होत नाही.

उपाय अवघड नाही. पत्ता बदलणे आणि नावातील दुरुस्ती ही दोन्ही कामे आता नमुना ८ या एकाच अर्जाने होतात. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे तो देता येतो. नव्या सुनेचे नाव शिधापत्रिकेत चढविण्याची लगबग घरोघरी दिसते. त्याच फेरीत हा अर्जही भरून टाकावा, आणि तो भरताना तिचे नाव कोणते लिहावयाचे हे तिलाच विचारावे.