उकिरड्यावरची पणती

आमच्या लहानपणी दीपावलीच्या पाडव्यास देवघर, तुळशीवृंदावन, गोठा आणि विहीर येथे पणत्या ठेवून झाल्या की, आजी शेवटची पणती घेऊन परसामागच्या उकिरड्याकडे जात असे. हळदकुंकू वाहून ती पणती खताच्या ढिगावर ठेवी आणि हात जोडी. केरकचऱ्यास नमस्कार कशाला, असे आम्ही एकदा विचारले. ती म्हणाली, "अरे, तुझं उद्याचं ताट तिथं शिजतंय."

पुढे पाठशाळेत ‘कृषिपराशर’ हा शेतीवरील प्राचीन संस्कृत ग्रंथ हाती आला, तेव्हा या आचाराचे मूळ उमगले. माघमासी शेणाच्या राशीची श्रद्धेने पूजा करून ती कुदळीने उकरावी, शेण उन्हात वाळवून त्याचे चूर्ण करावे, फाल्गुनात शेतोशेती खड्डे खणून त्यांत ते भरावे आणि पेरणीच्या समयी जमिनीत मिसळावे, असा विधी तेथे सांगितला आहे. खताविना धान वाढते, पण फळत नाही, असेही ग्रंथकार बजावतात.

हे निरूपण आम्ही गावोगावी कीर्तनातून केले. एके ठिकाणी आरती झाल्यावर एक वृद्ध शेतकरी जवळ आले व म्हणाले, "बुवा, बोललात सोन्यासारखं. पण तुमच्या रानात उकिरडा हाय का?" आम्ही निरुत्तर झालो.

निरुत्तर होण्यास कारणही तसेच होते. कालव्याखालची चार एकर काळी जमीन १९८८ साली आमच्या वाटणीस आली. ती आम्ही वाट्याने लावून दिली. ऊस, मग खोडवा, पुन्हा ऊस. हरभऱ्याचा बेवड कायमचा मोडला. पाचट दरवर्षी पेटविले जाई, शेणखताची गाडी बंद झाली आणि पाणी मात्र पाट फुटेतो दिले जाई. उसाचे बिल येत होते, तोवर आम्ही बांधावर फिरकलोही नाही. वीसेक वर्षांनी उतारा निम्म्यावर आला. जाऊन पाहतो तो सरीवर मिठासारखा पांढरा थर!

काळ्या भारी जमिनीतून पाण्याचा निचरा मंद होतो. अतिरिक्त पाण्याने भूजलाची पातळी वर येते, पाणी उन्हाने उडून जाते आणि त्यातील क्षार पृष्ठभागी उरतात. त्यांत सोडियमचे प्रमाण वाढले की मातीचे कण सुटे होऊन जमीन चोपण बनते; ओली असता चिकट, वाळली असता दगडासारखी. हे संकट नवे नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका लिहिली होती. इशारा शतकापूर्वीचा; कान आमचे बंद.

भूमी काहीच विसरत नाही. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे बार्लीच्या एका पट्ट्यास १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत दिले आणि नंतर ते थांबविले. शंभराहून अधिक वर्षांनीही त्या पट्ट्यातील सेंद्रिय अंश कधीच खत न दिलेल्या पट्ट्याहून अधिक भरला. वीस वर्षांची सेवा शतकभर पुरली. मग आमच्या वीस वर्षांच्या अनास्थेचे फळ किती पिढ्यांनी भोगावे? कर्मविपाकाचा सिद्धांत आम्ही व्यासपीठावरून सांगत होतो. तो आमच्याच शेतात लिहिला जात होता.

त्यानंतर आम्ही शेत स्वतःकडे घेतले. मातीची परीक्षा करविली, निचऱ्यासाठी चर खणले, सल्ल्याप्रमाणे जिप्सम टाकले, धैंचा व ताग फुलोऱ्यापूर्वी गाडला. पाचट आता सरीतच कुजते. तीन एकरांत पुन्हा हरभरा डोलू लागला आहे. चौथ्या एकरात अद्याप पांढरेपणा दिसतो; तो आमच्या हयातीत जाईल, असा भरवसा आम्ही कोणास देत नाही.

शेतकरी बंधूंनी या पाडव्यास एवढाच संकल्प करावा: पाचट जाळू नये, पाणी मोजून द्यावे, वर्षातून एकदा तरी जमिनीस तिचे अन्न द्यावे. शहरवासी माताभगिनींनी निर्माल्य नदीत न सोडता कुंडीतील मातीस अर्पण करावे.

आमच्या बांधावर आता उकिरडा आहे. आज सायंकाळी आजीची ती शेवटची पणती तेथे ठेवणार आहोत. त्या गावी पुन्हा कीर्तनास जाण्याचा योग आला आणि ते वृद्ध गृहस्थ भेटले, तर त्यांच्या प्रश्नास "हाय" असे उत्तर देता येईल.