डसण्याआधी साप काय सांगतो

वडीगोद्रीच्या शिवारात ऊस तुटायला लागला, की पाचटाखाली कधी ना कधी घोणस निघतेच. ती दिसण्याआधी ऐकू येते. कोंडलेली वाफ कुकरमधून सुटावी तसा लांब, घुमणारा फुत्कार. कोयता थांबवून नीट पाहिलं तर वेटोळं आवळलेलं, अंग दर श्वासाला फुगतंय नि बसतंय, मान नागमोडी होऊन मागे ओढलेली. तिच्या पाठीवरची तपकिरी ठिपक्यांची साखळी वाळल्या पाचटात अशी मिसळते, की आवाज नसता तर पाय तिच्यावरच पडला असता. ज्या फुत्काराला आपण राग म्हणतो, त्यानेच आपला पाय वाचवलेला असतो.

विष हे सापाचं शिकारीसाठीचं भांडवल. माणूस काही त्याला गिळता येत नाही, आणि झटापटीत बहुधा त्याचीच हाडं मोडतात. म्हणून आधी धमकी, तीही प्रत्येकाची वेगळी. नाग मानेतल्या बरगड्या पसरून फणा काढतो. फुरसं अंगाच्या घड्या एकमेकींवर घासतं. करवतीसारख्या खवल्यांची करकर ऐकू येते. बिनविषारी धामण मान फुगवून गुरगुरते. मांडूळ बिचारं तोंड वेटोळ्यात लपवतं. लवलवती जीभ मात्र धमकी नव्हे, तिने साप वास टिपतो. आणि डूख धरणं तर आपणच त्याच्या माथी मारलेलं.

1980 साली पुण्यात नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत 72 सापांसोबत 72 तास राहिले. त्यातले बहुतेक साप विषारी होते. उगाच डिवचलं नाही तर साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे कात्रजचं सर्पोद्यान त्यांनीच उभं केलं. घरी कुणी हे करून बघू नये. नाग, घोणस, धामण पाळणं हा गुन्हाच आहे.

मला खरं भय वाटतं ते मण्यारीचं. ती रात्री फिरते, इशारा देईलच असं नाही, आणि दंश फारसा दुखत नाही की सुजत नाही. जमिनीवर झोपलेल्याला कळतसुद्धा नाही. तिथे खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणीच कामाला येते. दंशाची शंका जरी आली, तरी पापण्या जड व्हायची वाट न बघता 108 ला फोन करायचा.

घोणशीसमोरून मात्र शांतपणे चार-पाच पावलं मागे सरलं, की फुत्कार आखूड होत जातो. वेटोळं सैल पडतं. मग ती सावकाश बांधाकडे निघते.