वह्या रद्दीत गेल्या

एप्रिलात मी काशीला होतो, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतल्या आमच्या जुन्या घरी. बाहेर लू सुटली होती आणि आत जाड दगडी भिंतींच्या आडोशाला एक पंखा पुरत होता. तेवढ्यात मुंबईहून फोन आला. नरिमन पॉइंटच्या ज्या इमारतीत मी उमेदीची वर्षं काढली, तिथल्या आमच्या जुन्या फिटरचा. "साहेब, वह्या गेल्या," एवढंच तो म्हणाला. मग जरा थांबून, "रद्दीवाला किलोवर घेऊन गेला."

वह्या म्हणजे प्लांट रूमची लॉगबुकं. तीन पाळ्यांतल्या ऑपरेटरांनी दर तासाला लिहिलेली, तेलाच्या बोटांचे डाग पडलेली. त्या इमारतीच्या वातानुकूलनाचं सगळं आयुष्य त्यांत होतं. नवीन यंत्रं बसली, प्लांट रूमला कुलूप लागलं, आकडे आता दूरच्या एका पडद्यावर जातात आणि पाळीला माणूस नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. घाटावर येऊन बसलो आणि सगळी वर्षं डोळ्यांपुढून गेली.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यात कागद दमटपणाने फुगू नये म्हणून यंत्रणा आखली आणि हा धंदा जन्माला आला. मुंबईत १९३३ साली उघडलेलं रीगल हे वातानुकूलित चित्रपटगृह म्हणून नावाजलं. पुढे १९७० च्या दशकात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घातलेल्या जमिनीवर एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडियाची इमारत असे उंच मनोरे उभे राहिले आणि तळघरात, गच्चीवर मोठमोठे प्लांट आले. मी त्या सुमारास मुंबईत आलो. पहिली दहा वर्षं खिडकीतल्या एसीत गॅस भरण्यात आणि कॉइल धुण्यात गेली. पोटापुरतं मिळालं, शिकायला फारसं मिळालं नाही.

शिकलो ते १९८८ ते १९९८ या दहा वर्षांत.

आमच्या प्लांटमध्ये सेंट्रिफ्युगल चिलर, म्हणजे पाणी गार करणारी मोठी यंत्रं होती, प्रत्येकी ३०० टनांची. टन हे इथे वजन नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता ओढून काढण्याची ती ताकद. चिलरमधून सात अंशांचं पाणी मजल्यामजल्यावरच्या एएचयूकडे, म्हणजे हवा गार करून फिरवणाऱ्या पेट्यांकडे जायचं आणि ऑफिसांतली उष्णता घेऊन बारा अंशांवर परत यायचं. ती उष्णता कंडेन्सरच्या पाण्यात उतरायची आणि ते पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये थेंबाथेंबाने पडून गार व्हायचं. टॉवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. लहानपणी उन्हाळ्यात दाराला लावलेल्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडायचं काम माझ्याकडेच असे. थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेल्याची उष्णता घेऊन जातं, हा नियम दोन्हीकडे एकच. फरक एवढाच की काशीच्या कोरड्या लूमध्ये तो पडदा खोली गारेगार करायचा आणि मुंबईच्या दमट हवेत टॉवरचं पाणी बत्तीस अंशांच्या खाली आणताना घाम फुटायचा.

आमचे मुख्य मिस्त्री कोकणातले. शाळा सातवीपर्यंत, पण यंत्राचं त्यांना न कळलेलं मी काही पाहिलं नाही. पाळीवर आले की आधी वही उघडायचे, मग यंत्राकडे जायचे. कंप्रेसरच्या आवरणाला पेचकशाचं टोक लावून मूठ कानाशी धरायचे. दाब चढून यंत्र सर्ज होऊ लागलं, म्हणजे गॅस उलटा मागे येऊ लागला, की एक घरघर उठते. ती मीटरवर दिसण्याआधी त्यांना ऐकू येई. आमच्या आजोबांनी बालाजी मंदिरात तरुण बिस्मिल्ला खाँसाहेबांचा सनईचा रियाज ऐकला होता. एकच सूर तासन् तास कसा घासला जायचा, ते आजोबा सांगत. कान तयार होतो म्हणजे काय होतं, ते मला मिस्त्रींकडे पाहून समजलं.

१९९१ च्या मे महिन्यातली गोष्ट. कंडेन्सरमधल्या गॅसचं तापमान आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांत दोन अंशांचा फरक असायचा. वहीत तो अडीच झाला, तीन झाला, सहा आठवड्यांत चारावर गेला. कुठल्याही एका दिवशी पाहिलं असतं तर काही बिघडलेलं दिसलं नसतं. मिस्त्रींनी सहा आठवड्यांची पानं ओळीने मांडली आणि म्हणाले, "पाणी बदललंय." खरंच बदललं होतं. तलावांचं पालिकेचं पाणी हलकं असतं, पण त्या उन्हाळ्यात कपात होती आणि आम्ही टँकरचं विहिरीचं जड पाणी टॉवरला घालत होतो. वरून हुकूम होता की नळ्यांची सफाई हिवाळ्यातच. मिस्त्रींनी वही घेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि दोन रात्री मागून घेतल्या.

शनिवारी रात्री आम्ही कंडेन्सरचं झाकण उतरवलं. नळ्यांच्या तोंडाशी चुन्याचा पांढरा थर आणि त्यावर बोटाने निघेल असा चिकट गाळ. एकेका नळीत सळईला बांधलेला नायलॉनचा ब्रश घालायचा, पाण्याने धुवायचं, बॅटरी मारून आरपार पाहायचं, मग पुढची नळी. जिथे चुना हटेना तिथे डीस्केलिंगचं रसायन फिरवलं. सोमवारी सकाळी मोटरचे अँपिअर उतरलेले होते. कंडेन्सरचं तापमान एका अंशाने वाढलं की वीज दोन-तीन टक्के जास्त जाते, हे पुस्तकातलं वाक्य त्या दिवशी मला पटलं.

याच दशकात आम्हाला आमच्या धंद्याचं पाप समजलं. आमची यंत्रं आर-११ वर चालायची. हा गॅस चोवीस अंशांच्या आसपास उकळतो, म्हणून यंत्राच्या थंड बाजूला तो हवेच्या दाबापेक्षा कमी दाबावर असतो. तिथे गळती असली तर गॅस बाहेर जाण्याऐवजी बाहेरची दमट हवा आत शिरते. ती काढायला पर्ज युनिट. ते हवा बाहेर टाकताना तिच्याबरोबर गॅसही जायचा. यंत्र उघडताना उरलेला गॅस आम्ही सरळ मोकळ्यावर सोडत असू. वास नाही, धूर नाही, कोणाला काही होत नाही, असंच आम्हाला शिकवलेलं. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच सांगितलं होतं की हे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला. १९९५ मध्ये त्या दोघांना पॉल क्रुट्झेन यांच्यासह नोबेल मिळालं, ती बातमी मी प्लांट रूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली होती. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी यंत्र उघडण्याआधी गॅस पिंपात ओढून घेण्याची पद्धत घातली आणि वहीत नवा रकाना आखला: किती काढला, किती परत भरला. कायदा आमच्या दारापर्यंत यायच्या कितीतरी आधी.

आणि १२ मार्च १९९३. मुंबईतल्या साखळी बॉम्बस्फोटांचा शुक्रवार. एअर इंडियाच्या इमारतीखाली स्फोट झाला तेव्हा आमच्या काचा फुटल्या, छताच्या जाळ्यांतून धूळ कोसळली. बाहेर धूर होता आणि आमचे ताज्या हवेचे पंखे तो धूर आत ओढत होते. मिस्त्री आणि दोन हेल्पर जिन्याने मजल्यामजल्यावर गेले आणि ताज्या हवेच्या वाटेवरच्या झडपा, म्हणजे डॅम्पर, हाताने बंद केले. लोक उतरत होते, हे चढत होते. संध्याकाळी धूर निवळल्यावर पुन्हा चढून ते उघडलेही. वहीत त्या दिवशीची नोंद दोनच ओळींची होती: बंद केल्याची वेळ आणि उघडल्याची वेळ.

हा डॅम्पर ध्यानात ठेवा, कारण माझं जुनं भांडण त्याच्यावरूनच आहे.

ऑफिसातली हवा नुसती गार करून फिरवत राहिलं तर माणसं जांभया देतात, डोकी दुखतात, खोकला एकाचा दुसऱ्याला लागतो. बाहेरची थोडी हवा सतत आत घ्यावी लागते. १९८९ मध्ये ॲश्रे या अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेने ऑफिसांसाठी माणशी मिनिटाला २० घनफूट ताजी हवा असावी असं ठरवलं. मुंबईत ही हवा गरम आणि दमट, तिला गार करायला वीज लागते. दशक संपताना आमच्याकडे खर्च कापायला नवे अधिकारी आले. त्यांनी बिलं पाहिली आणि सगळे डॅम्पर कायमचे बंद करायला सांगितलं. मी नाही म्हटलं. त्यांनी लेखी हुकूम दिला. मी तो तारखेसह लाल शाईने वहीत उतरवला आणि खाली लिहिलं, "माझी हरकत आहे." मिस्त्रींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांच्या जागी सगळ्यांत कमी दराची निविदा आली, वर्षाच्या कंत्राटाची. कंत्राटी पोरं गुणी होती, पण वर्षाला बदलायची. यंत्र ओळखीचं होईपर्यंत त्यांची जायची वेळ यायची.

पुढची पंधरा वर्षं मी फक्त नोकरी केली. त्यांच्याविषयी लिहावं असं काही नाही.

मग २०२० आलं. मार्चमध्ये कोरोनामुळे ऑफिसं बंद झाली, एप्रिलमध्ये इश्रे या आपल्या अभियंत्यांच्या संस्थेने सांगितलं की तापमान २४ ते ३० अंश ठेवा आणि बाहेरची हवा आत घ्या. मी तेव्हा निवृत्त होतो. त्याच इमारतीतून फोन आला: डॅम्पर उघडत नाहीत. उघडणार कसे? वीस वर्षांत कोणी हात लावला नव्हता. पाती गंजून चौकटीला चिकटली होती. काही तर कापून काढावी लागली. मी लाल शाईतली नोंद आठवून गप्प राहिलो. आता ते पानही रद्दीत गेलं आहे.

नव्या यंत्रांना मी नावं ठेवत नाही. ती आमच्या यंत्रांपेक्षा कितीतरी चांगली आहेत. गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमीजास्त होतो, काहींच्या बेअरिंगना तेलच लागत नाही, विजेची बचत मोठी आहे. आर-११ सारखे सीएफसी वायू गेले, आर-२२ या गॅसलाही २०३० पर्यंत निरोप द्यायचा आहे, हे सगळं चांगलं झालं. पण आकडे दाखवणारा पडदा नळी घासत नाही. फरक दोनाचा चार झाला हे तो दाखवतो. विहिरीचं पाणी आलंय हे ओळखून साहेबांशी भांडायला माणूस लागतो. ड्रेन ट्रेमधलं शेवाळ, सैल पडलेला पट्टा, टॉवरच्या तळाशी साचलेला चिखल, यांना रोज कोणीतरी पाहावं लागतं. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या मेळाव्याला आलेली माणसं दगावली, त्यानंतर लीजनेला हा जंतू जगाला माहीत झाला. कूलिंग टॉवरच्या अस्वच्छ पाण्यात तो वाढतो आणि तुषारांबरोबर छातीत जातो. देखभाल हा खर्च आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं तरी वाचावं.

त्या रात्री मी जिथे बसलो होतो तो घाटही हेच सांगतो. पेशव्यांच्या काळातलं हे बांधकाम. दगड असा की शतकं टिकावा. तरी वर्षानुवर्षं कोणी पाहिलं नाही म्हणून घाटावरच्या वाड्याचा भाग ढासळला, आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या २०१२ सालच्या संकटातल्या वारसास्थळांच्या यादीत बालाजी घाटाचं नाव गेलं. मग डागडुजी झाली, बाहेरचा पैसा आला. दर पावसाळ्यात गंगा पायऱ्या बुडवते आणि ओसरताना त्यांवर गाळ ठेवून जाते. दरवर्षी पंपाने पाणी मारून तो काढतात. एखादं वर्ष कोणी काढला नाही तर पायरीवर पाऊल ठेवता येणार नाही. जिथे पाणी फिरतं तिथे गाळ बसतोच, घाटावरही आणि नळीतही. तो कोण काढणार एवढाच प्रश्न असतो.

वाचकांपैकी बरेच जण दिवसाचे आठ-नऊ तास अशा इमारतीत बसत असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. उद्या ऑफिसात गेल्यावर व्यवस्थापनाला तीन गोष्टी विचारा. ताज्या हवेचा डॅम्पर उघडा आहे का? कंडेन्सरच्या नळ्या आणि टॉवर शेवटचे कधी साफ केले? आणि हे कोणी, कुठल्या वहीत लिहून ठेवलं आहे? वही असेल तर ती उघडून दाखवायला सांगा, आणि ती जपा.